बारावा फोटो

आमच्या मामांचा चांगला फोटो कधी आलाच नाही. फोटोच नव्हते असं नाही. माझ्याकडं छत्तीस फोटोंच्या रोलचे दोन छोटे कॅमेरे होते आणि नात्यागोत्यातल्या एकाही लग्नाला, जावळाला, बारशाला मी ते घेतल्याशिवाय गेलो नाही. त्या सगळ्या ढिगात मामा आहेत. पण कसे, तर हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले, डोळे वटारलेले. कॅमेरा माझ्या डोळ्याला लागला रे लागला की मामा झेंड्याला सलामी दिल्यासारखे ताठ व्हायचे. एरवी हा माणूस शेंगा फोडता फोडता कुणाची अशी फिरकी घ्यायचा की ज्याची घेतली तोच आधी हसायचा. त्यातलं काहीच फोटोत उतरायचं नाही.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. तामलवाडीला त्यांची शेती. वडील लवकर गेल्यामुळं माझं शाळेचं सगळं वय मामांच्या घरी गेलं, मामींच्या हातचं खाऊन. पुढं मी धाराशिवला कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरीला लागलो. संसार तिथं मांडला. पण घर कुठलं असं कुणी अचानक विचारलं तर अजूनही आधी तामलवाडीचा ओटाच डोळ्यांपुढं येतो. त्या ओट्यावरच्या माणसाचा एक खरा फोटो आपल्याला काढता येऊ नये, याची मला लाज वाटायची आणि रागही यायचा. राग अर्थात मामांवर काढायचो. "मामा, जरा सैल बसा की!" म्हटलं की ते आणखी ताठ.

छोट्या कॅमेऱ्याचा एक दुर्गुण आहे. छत्तीस हाताशी असले की माणूस उधळा होतो. एक बिघडला तर बिघडला, पुढचा आहेच. मी खटाखट काढत सुटायचो आणि रोल धुतल्यावर डोक्याला हात लावायचो. शिवाय त्याचं निगेटिव्ह नखाएवढं. जरा मोठं करायला जावं तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे उठायचे. मी मनाशी ठरवून टाकलं की दोष मामांचा नाही आणि माझाही नाही, दोष कॅमेऱ्याचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

सोलापुरात एक जुना स्टुडिओ बंद होत होता. तिथं मला दोन डोळ्यांचा कॅमेरा मिळाला. वरच्या डोळ्यानं आपण बघायचं, खालच्या डोळ्यानं तो बघणार. रोल रुंद, त्यावर फोटो फक्त बारा, आणि निगेटिव्ह चांगलं बिस्किटाएवढं चौकोनी. तो घेण्यासाठी मी माझे दोन्ही छोटे कॅमेरे देऊन टाकले. बायको म्हणाली, "लोक एकाचे दोन होतात तिथं जातात, तुम्ही दोन देऊन एक डबा आणलात." मी हसलो नाही. त्या दिवसांत त्या कॅमेऱ्यावरून केलेली थट्टा मला खपत नव्हती.

त्याचं सगळंच वेगळं होतं. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यापुढं आपोआप मान लवते. काचेत सगळं उजवं-डावं उलटं दिसतं. माणूस डावीकडं चालला की काचेत उजवीकडं जातो. रोल मागं गुंडाळायची भानगडच नाही. बारा झाले की कळ सैल फिरायला लागते, मग रोल काढायचा, त्याची कागदी पट्टी जिभेनं ओली करायची आणि चिकटवून टाकायची. तो डिंकाचा फिका गोडवा मला आवडायचा. आणि रोल लांबून मागवावे लागत. एकेक फोटो काढायच्या आधी मी इतका विचार करायला लागलो की समोरचा माणूस कंटाळून निघून जायचा. पुढं पुढं मला त्या बाराचा माज चढला. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्यांना मी हिणवायचो. माझ्याही खिशात मोबाइल होता, पण फोटोसाठी तो बाहेर काढणं मला कमीपणाचं वाटायचं.

एकच रोल घेऊन मी तामलवाडीला गेलो. ज्वारीच्या काढणीचे दिवस होते. मामा दुपारचे ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. मी समोर उभा राहिलो आणि मान खाली घातली.

"काय बघायलास रं डब्यात?" मामांनी विचारलं.

"तुम्हालाच बघतोय."

"मला बघाया खाली कशाला बघायलास? म्या हितं हाय की."

मामा ताठ झालेच नाहीत. त्यांना फोटो काढणं चालू आहे हेच कळलं नव्हतं! उलट ते उठून आले आणि माझ्या खांद्याशी वाकून काचेत बघायला लागले. तेवढ्यात मामी बादली घेऊन अंगणातून गोठ्याकडं निघाल्या होत्या.

"अगं ए, तू उलटी चालायलीस की!"

"म्या सरळच चालायले," मामी म्हणाल्या. "तुमचं डोकं उलटं हाय."

"परत ये बरं. हां. आता पुन्यांदा जा."

मामी खरोखरच एकदा परत आल्या, पुन्हा गेल्या, आणि मग बादली आपटून म्हणाल्या की म्हातारपणी पोराच्या खेळण्याशी खेळायला लागलाय, कामधंदा नाही. मामा काचेवरून मान काढायला तयार नव्हते. इतकी वर्षं ज्या बाईला रोज बघत आले तिलाच ते त्या वीतभर डब्यात बघत होते आणि हसू दाबत होते.

त्या दुपारी मी मामांचे, वासराचे, चुलीपुढं बसलेल्या मामींचे असे एकेक फोटो काढत गेलो. किती राहिले म्हणून मामांनी विचारलं. मी सांगितलं, बारातला एकच.

"बाराच व्हय? आन् तेराव्याला काय करायचं?"

"भरल्या घरात असलं बोलू नगा," आतून मामी ओरडल्या.

मामा हसले. मग जरा आवाज उतरवून मला म्हणाले, "त्यो एक आमच्या दोघांचा काढ. लहान कर, खिशात बसंल असा. लगीन झाल्यापून आमचा दोघांचा कागदावर फोटू न्हाय बग."

"पोराच्या मोबाइलात हायती की," मामी दारात येऊन म्हणाल्या.

"मोबाइल त्येचा, फोटू बी त्येचं. आपलं काय हाय त्यात?"

मामींना ते पटलं असावं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "थांब मग. लुगडं बदलून येते." आणि आत गेल्या.

मामा ओट्याच्या कडेला सरकून बसले. बाजूला मामींपुरती जागा ठेवली. डोक्यावरचा पटका नीट केला आणि दाराकडं बघत राहिले. ऊन कलतं होतं, समोरच्या भिंतीवरून परतून त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं. मी सहज काचेत बघितलं. जन्मभर मी जे शोधत होतो ते तिथं होतं. ओठांवर हसू येऊ घातलेलं, पण ते आतच धरून ठेवलेलं. बायको सजून येणार म्हणून जरासे लाजलेलेही. मामा लाजतात हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या बोटानं मला विचारलं नाही. त्या कॅमेऱ्याचा आवाज इतका बारीक की मामांना ऐकूसुद्धा आला नाही. मी कळ फिरवली, ती सैल फिरली.

मामी बाहेर आल्या. हिरवं, जरीच्या काठाचं लुगडं, कपाळावर नवं ठसठशीत कुंकू, केस पाणी लावून चापून बसवलेले. "कुठं हुबी ऱ्हाऊ?" त्यांनी विचारलं.

"मामी, रोल संपला."

"एक व्हता की रं?" मामा म्हणाले.

"झाला, मामा."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि शेंगा पुन्हा जवळ ओढल्या. मामी मात्र हसल्या. "असू दे की. पुढल्या खेपंला काढ. आमी काय पळून चाललाव का?" आणि त्याच हिरव्या लुगड्यात त्यांनी आम्हाला चहा करून दिला. छोटा कॅमेरा असता तर हाताशी आणखी चोवीस असते. खिशातला मोबाइल तरी काढायचा! तोही मी काढला नाही.

रोल मी घरीच न्हाणीघरात धुतला, ते बारावं निगेटिव्ह उजेडात धरलं आणि तिथंच एकटा मोठ्यानं हसलो. इतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता, नंतरही काढला नाही. पुण्याला पाठवून त्याची हातभर प्रिंट करून आणली. पटक्याचा एकेक पीळ, गालावरचा तीळ, भुवईतले पांढरे केस, सगळं मोजून घ्यावं असं. एकही दाणा नाही. मी ती फ्रेमवाल्याकडं नेली. त्यानं बघितली, हात पुसले आणि हळू आवाजात विचारलं, "वर हाराला खिळे ठेवू का? खाली तारीख टाकायचीय?"

"अहो, जिवंत आहेत ते."

"बरं बरं," तो म्हणाला आणि कामाला लागला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात फक्त बिस्किटाएवढं निगेटिव्ह होतं.

फ्रेम जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून मी एसटीत बसलो. एका बाईनं उठून मला जागा दिली. मला वाटलं, माझे पिकलेले केस बघून दिली. तामलवाडीला उतरलो आणि गल्लीतून घराकडं निघालो. वाटेत चादर सरकली असणार. पारावरचे दोघं-तिघं उठून उभे राहिले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. मी मान हलवली आणि पुढं गेलो. ते माझ्या मागं यायला लागले. मला वाटलं, फोटो बघायला येतायत. छाती फुगली माझी!

अंगणात पोचलो तोवर मागं दहा-पंधरा माणसं झाली होती. त्यातले एक म्हातारे पुढं झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सकाळी तर धडधाकट दिसले व्हते. माती कवा हाय?"

माती म्हणजे आमच्याकडं अंत्यविधी. मी उत्तर द्यायच्या आत गोठ्यातून मामा बाहेर आले, हातात वैरणीची पेंढी.

"कुणाची माती?" त्यांनी विचारलं.

सगळं अंगण मामांकडं बघत राहिलं. मग मामाच एवढे हसले की पेंढी हातातून पडली. लोकही हसले. म्हातारेबुवा कपाळ बडवून घेत म्हणाले, "येवढी तसबीर बघून म्हनलं, झालं!" मामा फ्रेमपुढं उभे राहिले, मान वाकडी करून स्वतःकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाय म्हनलं तरी देखणा व्हता हो बिचारा."

मामी हसल्या नाहीत. त्या दारात तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. आतल्या भिंतीवर मामांच्या आईवडलांचे दोन मोठे फोटो, दोन्हींना हार. शेजारी खिळा रिकामा होता आणि मी तो बघूनच माप धरून फ्रेम करून घेतली होती, इतका मी शहाणा!

"तू फोटू काढायलो म्हनला व्हतास," मामी मला म्हणाल्या. "ही तर तसबीर हाय."

हा फरक मला लहानपणापासून माहीत होता. खिशात मावतो, पाकिटात जातो, आल्यागेल्याला दाखवता येतो तो फोटू. काचेमागं गेला, मोठा झाला, भिंतीला लागला की तसबीर. आणि तसबीर आमच्या गावात देवाची नाहीतर गेलेल्याची. ज्या घरात वाढलो त्या घरातलं एवढं मला आठवलं नाही. मोठं निगेटिव्ह म्हणजे मोठा फोटो, एवढंच मी नव्यानं शिकलो होतो. मामींनी ती फ्रेम उचलली आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागं, तोंड भिंतीकडं करून, ठेवून दिली. त्या दिवशी त्या माझ्याशी जेवणापुरतंच बोलल्या.

मामा मला एसटीपर्यंत सोडायला आले. "मनाला लावून घिऊ नगंस," ते म्हणाले. "फोटू बेस हाय. पर मामीला त्यो दोघांचा तेवढा काढून दे. लहान. मंग ती इसरंल."

पुढच्या खेपेला मी रोल घेऊन गेलो तर मामी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. दोघांचा म्हटल्यावर दोघं पाहिजेत. मामा म्हणाले, येईल की, घाई काय आहे. मग पाऊस, मग माझ्या परीक्षांची कामं, मग रोल मिळेना. त्या हिवाळ्यात एका सकाळी मामा हरभऱ्याला पाणी देऊन आले, ओट्यावर बसले, मामींना चहा टाक म्हणाले, आणि चहा व्हायच्या आत बसल्या जागी गेले.

या वेळी माती खरी होती. तेच म्हातारे भेटले, पण खांद्यावर हात ठेवला नाही. बायांत बसलेली भावकीतली एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तसबीर आली तवाच म्या म्हनलं व्हतं." मी लॅबमध्ये जन्म काढलेला माणूस. असल्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. पण ते वाक्य आजही अंगात रुतून बसलंय, आणि विश्वास नाही हे स्वतःला सांगून काही उपयोग होत नाही.

तेराव्याला गेलो तर रिकाम्या खिळ्यावर मामांचा फोटो लागलेला होता. माझा नाही. मामेभावानं आधार कार्डासाठी काढलेला छोटा फोटो तुळजापुरात मोठा करून आणला होता. निळं आकाश मागं, डोळे वटारलेले, हनुवटी वर, आणि अंगात स्टुडिओवाल्यानं चढवलेला कोट-टाय. मामांनी जन्मात कोट घातला नव्हता. दाणे तर इतके की नाक कुठं संपतं ते कळेना. मला संताप आला. आपला फोटो त्या कोठीमागं पडलाय आणि हे सोंग भिंतीवर! पण ते काही बोलायचं घर नव्हतं. मी पंक्तीत बसून जेवलो.

पुढं काही महिन्यांनी मी एकटाच गेलो. मामेभाऊ रानात होता, घरात मामी एकट्या. कॅमेरा पिशवीत होता, रोलही भरलेला. मी शेवटी विचारलंच, "मामी, तो मोठा फोटो का नाही लावला? एवढा चांगला होता."

मामी उठल्या आणि कोठीमागून ती फ्रेम काढून आणली. मला वाटलं होतं तिच्यावर बोटभर धूळ असेल. काच स्वच्छ होती, पदरानं पुसून पुसून ठेवलेली. त्यांनी ती ओट्यावर, जिथं मामा बसायचे तिथंच, भिंतीला टेकवून ठेवली.

"ह्याला हार घालायचा न्हाय म्हनून सांगून ठिवलंय पोराला," त्या म्हणाल्या. "त्या भिताडावरच्यात ते गेले. ह्यात हायती अजून."

मामी फोटोकडं बघत होत्या.

"एक इचारू? ह्यात ते कुणाकडं बघायल्यात? म्या रोज बघते. दाराकडं तोंड हाय, पर दारात कोन हाय ते दिसत न्हाय."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, आता तरी हे त्यांच्या पदरात टाकावं, बरं वाटेल त्यांना. "तुमच्याकडं," मी म्हणालो. "तुम्ही लुगडं बदलायला आत गेला होता, त्या दिवशी. तुमची वाट बघत होते."

मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "पेटीत तळाला व्हतं ते लुगडं. लवकर घावंना. म्या उगं उशीर केला बग. पटदिशी आले असते तर..."

"उशीर नव्हता झाला, मामी." मी म्हणालो. "एक फोटो शिल्लक होता. तुम्ही यायच्या आत मीच तो काढून टाकला. मी थांबायला पाहिजे होतं."

त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी काचेवरून हात फिरवला. "चांगला काढलास," त्या म्हणाल्या. "पर दोघांचा पायजे व्हता रं."

मी घाईघाईनं पिशवी जवळ ओढली. म्हणालो, "मामी, तुमचा काढतो आत्ता. इथंच बसा, त्यांच्या बाजूला. ते बघतायत त्या बाजूला तुमचा ठेवू. दोघांचा होईल."

"आता कसा व्हईल?" मामी म्हणाल्या. "ते ज्या हिरव्या लुगड्याची वाट बघायल्यात, ते आता मला नेसता येत न्हाय."

त्यांनी फ्रेम उचलून परत कोठीमागं ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. बाराच्या बारा कोरे तसेच घेऊन घरी आलो.